अलंकार म्हणजे गुण नव्हेत

सुभाषिताने सुरू होणारा, उपमांनी नटलेला आणि सुविचाराने संपणारा निबंध म्हणजे चांगले लेखन, ही समजूत आपल्या शाळांत पक्की रुजली आहे. तिच्या जोडीला दुसरी आहे: पूर्व विदर्भातल्या चिमूर, नागभीड, सिंदेवाहीकडची मुले तिथली झाडीबोली बोलतात म्हणून त्यांचे लेखन कच्चे राहते, आधी बोली पुसा, मग लेखन सुधारेल. ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि त्यांनी मुलांचे नुकसान होते.

या मतांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. ढीगभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाच्या नजरेत सजवलेले वाक्य चटकन भरते. घरात पुस्तक नसलेल्या मुलाला पाठ केलेल्या नमुन्यामुळे दोन पाने भरण्याचा धीर येतो. प्रमाण मराठी आली नाही तर पुढचे शिक्षण अडते, ही शिक्षकांची काळजीही खरी आहे.

पण ज्या संस्कृत साहित्यशास्त्रातून आपण अलंकार उचलले, तेच शास्त्र या समजुतीविरुद्ध साक्ष देते. काव्याची शोभा गुणांनी निर्माण होते, अलंकारांनी ती फक्त वाढते, असे वामनाने सांगितले. मम्मट म्हणतो, शौर्य जसे आत्म्याचे, तसे गुण रसाचे; अलंकार मात्र अंगावरच्या हारासारखे. दंडीच्या दहा गुणांत प्रसाद आणि अर्थव्यक्ती आहेत. प्रसाद म्हणजे वाचताच कळणे. अर्थव्यक्ती म्हणजे अर्थासाठी बाहेरून काही ओढून आणावे न लागणे. आपण मुलांना हार देतो आणि या दोन गुणांचा तासच घेत नाही.

‘गुण उपजत असतात, ते शिकवता येत नाहीत’ असे यावर कोणी म्हणेल. मराठी गद्याचा आरंभच याला उत्तर देतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून, विचारून. आठवणींत फरक असेल तर कोणाची आठवण कशी, हे सांगण्याची रीत लीळाचरित्राच्या परंपरेत आहे. विचारणे, पडताळणे, क्रम लावणे ही कामे आहेत, आणि काम शिकवता येते.

चिमूरमध्ये ते शिकवायला विषय शोधावा लागत नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ‘चले जाव’ चळवळीतल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, कोवळा बालाजी रायपूरकर मारला गेला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. मग लष्कराने गावावर, विशेषतः बायकांवर अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. काय घडले ते नीट नोंदले जावे, एवढ्यासाठी एका माणसाने प्राण पणाला लावले. त्याच घटनेवर आज ‘स्वातंत्र्याची ठिणगी पेटली, रक्ताचे पाट वाहिले’ असे लिहिले, तर ते कोणत्याही गावाला लागू पडते आणि चिमूरबद्दल काहीच सांगत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांनी काय सांगितले, पुस्तकात काय आहे, दोहोंत फरक कुठे पडतो, हे वेगवेगळे लिहायला लावले की मुलाच्या हाती अर्थव्यक्ती येते.

आता बोली. झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, हा उच्चार आहे. विचाराचा दोष नव्हे. शिवाय बांधी (धानाचे बांधलेले शेत), बोडी (लहान तळे), पऱ्हे (रोपे), रोवणी (लावणी) या शब्दांनी धानशेतीचे वर्णन जितके नेमके होते, तितके ‘बळीराजा काळ्या आईची सेवा करतो’ या वाक्याने कधीच होणार नाही. याच मुलखात रामदेगीला तप केलेल्या तुकडोजी महाराजांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. तरी १९५५ साली आलेली त्यांची ग्रामगीता गावोगावच्या लोकांना वाचता आली, कारण ती त्यांच्या भाषेजवळची होती.

प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, पण योग्य वेळी. पहिला खर्डा मुलाला त्याच्या बोलीत, न अडखळता लिहू द्यावा. दूरच्या वाचकाला काय कळणार नाही, ते मुलाशेजारी बसून शोधावे. शुद्धलेखन सर्वांत शेवटी तपासावे. आणि निबंध तपासताना पहिले गुण एका प्रश्नाच्या उत्तराला द्यावेत: या पानावर असे काय आहे, जे फक्त याच मुलाला सांगता आले असते?