हृदयचित्रणातील किरणोत्सर्गी मार्गण-द्रव्ये

हृदयाच्या स्नायूस रक्ताचा पुरवठा कोठे व किती होतो याचे चित्र बाहेरून घेता यावे, म्हणून शिरेवाटे अत्यल्प मात्रेत टोचली जाणारी किरणोत्सर्गी द्रव्ये. व्यवहारात ही तपासणी सरसकट ‘थॅलियम’ या नावाने ओळखली जाते. वैभववाडीहून करूळ घाट चढून कोल्हापुरास किंवा कोकण रेल्वेने मुंबईस निघालेला रुग्णही ‘थॅलियम करायला सांगितलंय’ असेच म्हणतो; वस्तुतः त्याला बहुधा टेक्नेशियम टोचले जाते, आणि थॅलियमचे नाव, मयत खातेदाराचे सातबाऱ्यावर राहावे तसे, कागदोपत्री तेवढे चालू आहे.

थॅलियम-२०१ हे द्रव्य १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आले. ते पोटॅशियमच्या वाटेने पेशीत शिरते, आणि पहिल्याच फेरीत रक्तातील सुमारे ८५ टक्के अंश हृदयस्नायू टिपून घेतो. पुढे ते पेशीत व रक्तात सावकाश फेरवाटले जात असल्यामुळे श्रमानंतरचे चित्र आणि तीनचार तासांनी विश्रांतीचे चित्र, ही दोन्ही एकाच सुईत साधतात. परंतु त्याचे किरण दुबळे (मुख्यतः ७० ते ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) आणि अर्धायुष्य ७३ तास. सबब शरीरास किरणमात्रा अधिक पोचते व द्रव्य हात राखूनच द्यावे लागते.

टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य ६ तास व किरण १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. त्याची सेस्टामिबी व टेट्रोफॉस्मिन ही संयुगे थॅलियमपेक्षा कमी टिपली जातात, तरी मात्रा मोठी देता येते म्हणून चित्र अधिक रेखीव उठते. ती पेशीतील तंतुकणिकांत ठाण मांडून बसतात. त्यामुळे विश्रांतीसाठी निराळी सुई लागते. पित्तावाटे उत्सर्जन होत असल्याने यकृत व आतडे हृदयाच्या बुडाशीच उजळतात. म्हणून अर्धापाऊण तास थांबवून रुग्णास दूध पाजण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. टेट्रोफॉस्मिन यकृतातून त्यामानाने लवकर निघते.

द्रव्यांची खरी पारख निरोगी हृदयावर होते, कारण तेथे दिसणारी उणीव रोगाच्या माथी मारता येत नाही. अशा हृदयाचे डावे जवनिका-दालन आडव्या छेदात कड्यासारखे, उभ्या छेदात घोड्याच्या नालासारखे दिसते. उजवे, भिंत पातळ असल्यामुळे, पुसट. शिखराशी किंचित विरळपणा असणे हे स्वाभाविक होय. पुरुषांत मध्यपटलामुळे खालची आणि स्त्रियांत स्तनामुळे पुढची भिंत फिकी पडते. थॅलियमच्या चित्रात या छाया गडद होतात, आणि नवशिका त्यांनाच रोग समजतो.

अंतराचाही हिशेब आहे. मुंबईहून ९ तासांच्या रस्त्याने वैभववाडीस कुपी आणली, तर थॅलियमचा सुमारे ९२ टक्के अंश शिल्लक राहील, टेक्नेशियमचा ३५. म्हणूनच टेक्नेशियमऐवजी त्याचे जनक मॉलिब्डेनम-९९ (अर्धायुष्य ६६ तास) शिशाच्या आवरणातून रवाना करतात व त्यातून रुग्णालयातच, गाईची धार काढावी तसे, मिठाच्या पाण्याने टेक्नेशियम काढून घेतात. रक्तप्रवाहाचे मोजमाप याहून नेमके करणाऱ्या नायट्रोजन-१३ अमोनियास मात्र सायक्लोट्रॉन शेजारीच हवा. परळच्या विकिरण औषधी केंद्रात (स्थापना १९६३) असे यंत्र २००२ पासून आहे. परंतु या अमोनियाचे अर्धायुष्य अवघे १० मिनिटांचे, तेव्हा वैभववाडी दूरच, परळहून निघालेली कुपी दादरच्या गर्दीतच निम्मी सरेल.