उडणाऱ्या गाड्या आणि उतरायची जागा

शब-ए-बरात जवळ आली की मुंबईत दोन आवाहनं ठरलेली असतात. पोलीस सांगतात, रस्त्यावर स्टंट कराल तर कारवाई करू. उलेमा जुम्म्याच्या बयानात सांगतात, ही इबादतीची रात आहे, कब्रस्तानात जा, फातिहा पढा आणि सरळ घरी या. तरीही मध्यरात्रीनंतर काही पोरं एका चाकावर गाडी पळवतातच. त्यांच्याबद्दल आपल्याकडे बेशिस्त आणि बदनामी या दोन शब्दांपलीकडे फारसं बोललं जात नाही. मला या खेळाच्या इतिहासाबद्दल बोलायचंय. मोटारसायकल हवेत उडवण्याची कला जगात कशी वाढली हे पाहिलं, की आपली पोरं नेमकी कुठे मार खातात ते कळतं.

या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं नाव अमेरिकेच्या ईव्हल क्निव्हलचं. ३१ डिसेंबर १९६७ रोजी त्याने लास व्हेगासमधल्या सीझर्स पॅलेस हॉटेलसमोरच्या कारंज्यांवरून गाडी उडवली. उडी उत्तम होती, पण उतरताना गाडी थोडी अलीकडेच आदळली आणि तो बाहुलीसारखा लोळत गेला. कंबरेची हाडं मोडली. १९७५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्याने १३ बसगाड्या ओलांडायचा प्रयत्न केला आणि उतरताना पुन्हा जबर जखमी झाला. त्याची गाडी तेव्हाची जड रेसिंगची गाडी होती, आणि तिचे शॉकअब्सॉर्बर असल्या धक्क्यासाठी बनलेले नव्हते. हवेत जायचं कसं हे त्याला माहीत होतं, खाली यायचं कसं याची सोय त्या काळात नव्हती.

ती सोय पुढच्या पिढीने केली. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात मातीच्या टेकड्यांवर मोटोक्रॉस खेळणारी पोरं शर्यत सोडून नुसत्या करामतींच्या मागे लागली. हवेत हँडल धरून सगळं शरीर मागे ताणायचं, एखादा पाय सीटवरून पलीकडे न्यायचा, हात सोडायचे. याला फ्रीस्टाइल मोटोक्रॉस नाव पडलं आणि १९९९ मध्ये एक्स गेम्स या स्पर्धेत त्याला जागा मिळाली. २००० मध्ये कॅरी हार्ट या खेळाडूने स्पर्धेत मोठ्या गाडीसह उलटी कोलांटी मारली. गाडी फिरली, पण जमिनीवर आल्यावर तो तिच्यावरून फेकला गेला. २००६ मध्ये ट्रॅव्हिस पास्ट्राना याने लॉस एंजेलिसमध्ये एकाच उडीत दोन कोलांट्या मारल्या आणि तो गाडीवरच उतरला.

मधल्या सहा वर्षांत फरक पडला तो फोमच्या खड्ड्याने. जिम्नॅस्टिक्सवाल्यांकडून घेतलेली ही कल्पना. मोठा खड्डा फोमच्या तुकड्यांनी भरायचा आणि शेकडो वेळा गाडीसकट त्यात पडायचं. चूक कुठे होते ते पडून पडून शिकायचं, हाडं शाबूत ठेवून. मग मातीवर जायचं.

यंत्राची बाजूही समजून घेतली पाहिजे. हवेत असताना अॅक्सिलरेटर पिळला की मागचं चाक जोरात फिरतं आणि गाडीचं तोंड वर येतं. मागचा ब्रेक दाबला की तोंड खाली जातं. स्वार हवेतही गाडीला वळण देऊ शकतो ते असं. उतरायची जागा सपाट नसते, उताराची असते. त्यामुळे सगळा धक्का मणक्यात न जाता गाडी उतारावरून पुढे घसरते. मोटोक्रॉसच्या गाडीचं वजन १०० किलोच्या आसपास, आणि तिचे शॉकअब्सॉर्बर सुमारे ३० सेंटीमीटर दबतात. आपल्या रस्त्यावरच्या गाडीचे याच्या निम्मेही दबत नाहीत. आणि एवढं सगळं असूनही २००९ मध्ये जेरेमी लस्क हा नावाजलेला खेळाडू कोस्टा रिकातल्या स्पर्धेत कोलांटी मारताना पडला आणि गेला. तो २४ वर्षांचा होता. धोका संपत नाही, फार तर कमी करता येतो.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. पण पडण्याची तयारी करून मग उडी मारायची, ही रीत आमच्या परळलाही जुनी आहे. भोईवाड्यापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, लवजी कॅसलमध्ये १९३३ साली वाडिया मूव्हीटोन सुरू झालं. १९३५ चा ‘हंटरवाली’ तिथलाच. नादिया स्वतः धावत्या गाड्यांवर चढायची, छपरांवरून उड्या मारायची. ‘स्टंटपट’ हा शब्द तेव्हाच लोकांच्या तोंडी बसला. १९४२ मध्ये त्याच जागेत व्ही. शांतारामांचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं.

पडद्यावर माणूस इमारतीवरून पडतो तेव्हा खाली रिकाम्या खोक्यांची थप्पी आणि त्यावर गाद्या असतात. कॅमेरा ती दाखवत नाही. या कामात आपल्या समाजातली माणसं पहिल्यापासून आहेत. ‘शोले’मध्ये हेमामालिनीच्या जागी टांगा पळवणाऱ्या रेश्मा पठाण यांचं नाव लोकांना कळायला कित्येक वर्षं गेली. स्टंट कलाकारांनी आपली संघटना उभी केली, आणि २०१७ मध्ये अक्षय कुमारच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी विमा आला. म्हणजे या धंद्यातसुद्धा खोकी, गाद्या, संघटना आणि विमा हे एकेक करून, मार खाऊन, मिळवावं लागलं.

२००४ मध्ये ‘धूम’ आला. पोरांनी त्यातल्या गाड्या पाहिल्या, गाद्या पाहिल्या नाहीत. आता तर मोबाइलवर पास्ट्रानाची कोलांटी काही सेकंदांत दिसते. फोमचा खड्डा त्या व्हिडिओत नसतो.

भोईवाड्यात राहणाऱ्याला या गोष्टीचं पुढचं टोक दिसत राहतं. इथे केईएम रुग्णालय आहे, १९२६ पासूनचं. इथेच कोर्ट आहे. जखमी पोरगा एका दारात येतो, दंडाचा कागद घेतलेला बाप दुसऱ्या दारात. रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, धोकादायक चालवणं कलम १८४ खाली. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या मांडीत व्हीली मारताना पडल्यापासून सळई आहे. मी त्याला विचारलं, भीती नाही वाटली? तो म्हणाला, “चाचा, वर असताना काहीच वाटत नाही. खाली येताना कळतं.”

याच परळ-लालबागमध्ये दहीहंडीचे थर लागतात. तिथेही पोरं पडतात, मेलीही आहेत. पण तो प्रश्न पोलीस आणि बयानावर सोडला गेला नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर आणि वयावर मर्यादा घातली, मंडळं भांडली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. वरच्या थरातल्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. गोविंदांना विमा मिळाला आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने हंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. हे वादावादीनेच झालं, पण झालं. कारण त्या पोरांच्या मागे मंडळ होतं, सरावाची जागा होती, बाजू मांडणारी माणसं होती.

आपल्या मोहल्ल्यातल्या गाडीवाल्या पोरांच्या मागे कोण आहे? हौस तीच, वय तेच. २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस लीगची सुरुवात झाली, हजारो लोक ती बघायला गेले. खेळ आपल्या राज्यात आलाय, पण त्याची गाडी आणि सराव वडापावच्या खर्चात भागत नाही. म्हणून जमातीच्या आणि मशिदीच्या विश्वस्तांकडे, नगरसेवकांकडे माझं मागणं साधं आहे. बयान जरूर करा. त्यासोबत एक बंद मैदान, मातीचा छोटा ट्रॅक, हेल्मेट-गुडघ्याची पॅडं आणि शिकवणारा एक जाणता माणूस, एवढ्यासाठी पालिकेकडे अर्ज द्या. आमच्या भागातले गोविंदा पथकवाले असा अर्ज कसा लिहायचा ते सांगतील. मी दोघांना विचारलंय, ते तयार आहेत.