लातूरची कत्तल व सुंदरलाल समितीचा अहवाल (सन १९४८)

उस्मानाबाद (हल्लींचें धाराशिव) जिल्ह्यांतील सन १९४७-४८ च्या घडामोडींचीं जीं साधनें आमच्या पाहण्यांत आलीं, तीं बहुतेक १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, निजामाच्या शरणागतीपाशीं, संपतात. रझाकारांची लूट, सोलापूर-बार्शीच्या सरहद्दीवरील स्टेट काँग्रेसचे कॅम्प, करोडगिरीच्या नाक्यांवरील हल्ले, नळदुर्गच्या वाटेनें आलेली भारतीय फौज, हें सर्व त्यांत आहे आणि तें असावेंच. पुढील आठवड्यांचा कागद मात्र संग्राहकांच्या दप्तरांत क्वचित् सांपडतो.

तो कागद म्हणजे पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचा अहवाल. हे तिघे २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ पर्यंत संस्थानांत हिंडले. सोळांपैकीं नऊ जिल्हे त्यांनीं पाहिले. सरकारनें अहवाल छापला नाहीं; सन २०१३ मध्यें ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथांतून त्याचा मजकूर वाचकांपुढें आला.

उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागली, व पोलीस कारवाईच्या वेळीं आणि नंतर तेथें मारले गेलेले १८,००० हून कमी नाहींत, असें त्यांत म्हटलें आहे. हा आंकडा चौघांचा एकत्र आहे. त्यास चारांनीं भागून एका जिल्ह्याचा हिस्सा काढूं नये. आम्हांस लातूरची नोंद अधिक मोलाची वाटते. लातूर त्या वेळीं याच जिल्ह्यांत होतें. सन १९८२ मध्यें तें निराळें झालें. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी येथला वकील, आणि पेठेंत कच्छी मुसलमान व्यापारी सधन. येथें कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारें दहा हजार मुसलमानांपैकीं जेमतेम तीन हजार गांवांत उरलेले आढळले. हजारावर मारले गेले, बाकीचे परागंदा झाले. लढाई तर पांच दिवसांत संपली होती. तेव्हां हे बळी लढाईच्या खातीं घालतां येत नाहींत.

हा एकाच बाजूचा कागद होय, असा आक्षेप ऐकूं येतो. तो न वाचतां घेतलेला दिसतो. रझाकार गांवोगांव दरमहा रक्कम वसूल करीत, व विरोध झाल्यास लूट, जाळपोळ, खून यांपर्यंत मजल जाई, हें त्याच अहवालांत आहे. मुसलमान विणकरांस हिंदु विणकरांनीं वांचविल्याचेंही आहे. पौर्वापर्य अवश्य सांगावें. पण पहिल्या अपराधांतून दुसरा वजा करण्याची रीत कोणत्याही प्रमाणशास्त्रांत आम्हांस आढळली नाहीं.

ज्यांच्यापाशीं सन १९४८-४९ चीं खरेदीखतें, गहाणखतें वा पेठेच्या वह्या असतील, उर्दू असोत वा मोडी, त्यांनीं तारखांसह नकला कराव्या. परागंदा झालेल्यांचीं दुकानें पुढें कोणाच्या नांवें लागलीं, हें अशाच कागदांवरून ठरेल.