साडेतीन वेढ्यांची कुळकथा

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा, शरीरात वेटोळं घालून निजलेल्या शक्तीचा, उल्लेख नाही. शुद्ध जागी दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र अंथरून आसन मांडावं, पाठ-मान-डोकं सरळ ठेवावं, नजर नाकाच्या शेंड्याशी आणावी, मन आवरावं. श्रीकृष्ण अर्जुनाला एवढंच सांगतात. चार-पाच श्लोकांचं काम. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानदेव याच श्लोकांवर बोलू लागले आणि त्या आसनाखालून एक नागीण बाहेर आली. पुढच्या शंभराहून जास्त ओव्या तिच्या मालकीच्या आहेत.

मुळात नसलेली ही देवता ज्ञानेश्वरी या टीकेत आली ती ज्ञानदेवांच्या घराण्यातून. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही आपली परंपरा ते ग्रंथाच्या शेवटी स्वतःच सांगतात. गीता सगळ्यांची पोथी होती, कुंडलिनी नाथांच्या घरातली ठेव होती. निरूपणाच्या ओघात त्यांनी ती ठेव मराठी श्रोत्यांपुढे उघडी केली. पण नाथांकडे तरी ती कुठून आली? आणि तिला जागं करायचं ते नेमकं कशासाठी? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हजार-बाराशे वर्षांत इतक्या वेळा बदललं आहे की नाव तेच राहिलं म्हणून काम तेच राहिलं, असं मानण्याचं कारण नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांत ती नाही. तिचा माग लागतो तो शैव तंत्रांत. तंत्रसद्भाव नावाच्या तंत्रातला एक उतारा काश्मीरच्या क्षेमराजाने अकराव्या शतकात शिवसूत्रांवरच्या टीकेत घेतला आहे. त्यात ही शक्ती झोपलेल्या सापासारखी वेटोळं घालून आहे खरी, पण ती आहे हृदयात, तिथल्या बिंदूभोवती. माकडहाडाशी नाही! तो बिंदू घुसळला गेला की ती जागी होते आणि तिच्यातून नाद, नादातून वर्ण, वर्णांतून मंत्र जन्माला येतात. क्षेमराजाने हा उतारा आणला तोही मंत्राचं रहस्य सांगणाऱ्या सूत्राखाली. म्हणजे या टप्प्यावर कुंडलिनी म्हणजे वाणीचं मूळ. तिला ओळखायचं ते तोंडातला मंत्र जिवंत व्हावा म्हणून. आरोग्य, ऊर्जा, मनःशांती यांतलं काहीही त्या साधकाच्या यादीत नव्हतं.

कुंडलिनीच्या वाटेवरची, मूलाधारापासून आज्ञेपर्यंतची सहा चक्रांची परिचित रचना पक्की दिसते ती कुब्जिकामत या तंत्रात, साधारण दहाव्या-अकराव्या शतकात. कुब्जिका म्हणजे वाकलेली, कुबड असलेली देवी. वेटोळ्यातल्या शक्तीशी तिचं नातं जुळायला वेळ लागला नसावा. त्याआधी आणि नंतरही चक्रांची संख्या ठरलेली नव्हती. कुठे पाच, कुठे आठ. नाथांच्याच सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ. शरीरात किती गाठी सापडतात याची ही मोजणी नव्हतीच. त्या त्या पंथाचा साधक आपल्या शरीरात कोणत्या देवता, कोणती अक्षरं, कोणती तत्त्वं मनाने मांडतो, त्याचा तो नकाशा होता. हे ध्यानात न घेतल्यामुळे स्वामी दयानंद सरस्वतींची जी निराशा झाली ती त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितली आहे. नदीत वाहत आलेलं प्रेत त्यांनी चिरून पाहिलं, पोथीतली चक्रं त्यात मिळेनात, तेव्हा त्यांनी पोथ्या फाडल्या आणि प्रेताबरोबर नदीत सोडल्या. दयानंदांचा सडेतोडपणा मला आवडतो, पण देव्हाऱ्यातल्या देवाचं हाड शोधावं तसा हा प्रकार झाला.

या नकाशाची सर्वांत रेखीव प्रत बंगालच्या पूर्णानंद यतींची. त्यांचं षट्चक्रनिरूपण १५७७ सालचं. त्यात कमळांच्या पाकळ्या खालून वर अशा आहेत: चार, सहा, दहा, बारा, सोळा, दोन. बेरीज पन्नास, आणि संस्कृत वर्णही पन्नास. कंठातल्या सोळा पाकळ्यांवर सगळे स्वर. हृदयातल्या बारांवर क पासून ठ पर्यंत. नाभीतल्या दहांवर ड ते फ, त्याखालच्या सहांवर ब ते ल, अगदी तळाच्या चारांवर व, श, ष, स. भुवयांमधल्या दोन पाकळ्यांना ह आणि क्ष. पहिलीतलं पोर जी अक्षरं पाटीवर गिरवतं, ती सगळी इथे माणसाच्या पाठीच्या कण्याला लावून ठेवली आहेत. देवीच्या सांग पूजेत गुरुजी अंतर्मातृकान्यास करतात तो याच मांडणीचा, फक्त तो इतका भराभर उरकला जातो की यजमानाला आपल्यासमोर काय चाललंय याचा पत्ता नसतो.

आणि याच मांडणीत जुन्या साधनेचा हेतू दिसतो. सृष्टी ज्या क्रमाने उलगडली त्याच्या उलट क्रमाने ती मिटवायची. कुंडलिनी मूलाधारातून निघते तेव्हा पृथ्वीतत्त्व घेऊन निघते आणि ते जलात विरतं. जल अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात, आकाश मनात. प्रत्येक मुक्कामी तिथली अक्षरं, तिथली देवता, तिथलं तत्त्व आत ओढलं जातं. मागे राहतं ते रिकामं कमळ. याला लय म्हणतात. ही चढण म्हणजे एकेक ओझं उतरवत जाण्याचा प्रवास आहे. आज चक्रं ‘उघडतात’, ‘संतुलित’ होतात, ‘चार्ज’ होतात. जुन्या तांत्रिकाला ती संपवायची होती. माझ्या मते या सगळ्या कुळकथेतला मोठा फेरफार हाच. काढून टाकण्याची विद्या होती, ती मिळवण्याची झाली.

तंत्राच्या या मनोमय नकाशाला घामाची, श्वासाची, बंधांची जोड मिळाली ती दुसऱ्याच वाटेने. अकराव्या शतकाच्या सुमाराचा अमृतसिद्धी हा ग्रंथ महामुद्रा, महाबंध, महावेध शिकवतो. तो बौद्ध वज्रयानी वर्तुळातला. त्यात कुंडलिनी नाहीच. तिथली चिंता वेगळी आहे: डोक्यातल्या चंद्रातून अमृत पाझरतं, पोटातला सूर्य ते जाळतो, म्हणून माणूस म्हातारा होतो आणि मरतो. तर ते अमृत, तो बिंदू, वरच धरून ठेवायचा. एकीकडे खालून वर जाणारी शक्ती, दुसरीकडे वरून खाली न येऊ द्यायचा थेंब. या दोन कल्पनांचं एकमेकींशी फारसं पटत नाही. अमृत साठवून ठेवायचं, की कुंडलिनीने वर जाऊन ते सगळ्या शरीरात सांडायचं? नाथांनी दोन्ही ठेवल्या, आणि हठयोगाच्या ग्रंथांत ही ओढाताण शेवटपर्यंत दिसते.

ज्ञानेश्वरीत ती ओढाताण जवळजवळ मिटली आहे. तिथली नागीण साडेतीन वेढ्यांची आहे, कुंकवात न्हालेल्या पिलासारखी आहे, आणि भुकेली आहे. वज्रासनाच्या दाबाने, बंधांच्या उष्णतेने ती जागी होते आणि साधकालाच खाऊ लागते. हृदयाखालचं मांस, तळहात-तळपाय, नखं, हाडांतलं सत्त्व, सातही धातू. हे वर्णन भीषण आहे. घरोघरी चाललेल्या पारायणांत इतक्या शांतपणे ते कसं वाचलं जातं याचं मला नवल वाटतं. तृप्त झाल्यावर ती सुषुम्ना या मधल्या नाडीपाशी निवते, वरचं चंद्रामृताचं तळं कलंडतं, आणि जळालेल्या शरीरातून नवं, लखलखीत शरीर निघतं. शरीरानेच शरीर गिळायचं, हे नाथांचं मर्म असल्याचं ज्ञानदेव सांगतात.

एवढ्यावर थांबले असते तर कायाकल्पाची जाहिरात झाली असती. पण पुढे सिद्धी येतात, अणिमा-लघिमा येतात, समुद्रापलीकडचं दिसू लागतं, मुंगीच्या मनातलं कळू लागतं, आणि इथे ज्ञानदेव विषय झटकून टाकतात: आपल्याला त्याच्याशी काय कर्तव्य? मग पृथ्वी पाण्यात, पाणी तेजात, तेज वाऱ्यात विरतं. कुंडलिनी हे तिचं नावही जातं, ती नुसता मारुत होते, आणि शिवात मिळेपर्यंतच तिचं शक्तिपण टिकतं. ज्या देवतेवर इतक्या ओव्या खर्ची घातल्या, तिला शेवटी नावानिशी पुसून टाकतात. साधनेचा हेतू यापेक्षा स्पष्ट कुणी सांगितला असेल असं मला वाटत नाही. बाराव्या अध्यायात तर ही वाट किती जीवघेणी आहे हेही ते सांगतात आणि भक्तीची वाट सोपी करून देतात. वारकऱ्यांनी त्यांचं ऐकलं. महाराष्ट्रात कुंडलिनी पोथीत राहिली आणि नाम रस्त्यावर आलं.

पंधराव्या शतकात स्वात्मारामाने हठप्रदीपिकेत आधीच्या अनेक ग्रंथांतलं वेचून एक सुटसुटीत हातपुस्तक बांधलं. तिसरा उपदेश, म्हणजे तिसरं प्रकरण, जवळजवळ सगळा कुंडलिनीला उठवण्याच्या मुद्रांचा. तिथे तिला गंगा-यमुनेच्या मधली तरुण विधवा तपस्विनी म्हटलंय, आणि तिला बळजोरीने ओढून काढायला सांगितलंय. इडा-पिंगळा या दोन नाड्यांच्या मधली सुषुम्ना असा त्याचा उलगडा टीकाकार करतात, तरी प्रतिमा खटकते ती खटकतेच. पण स्वात्मारामाचाही हेतू पहिल्याच श्लोकांत आहे: हठ ही राजयोगाकडे जाणारी शिडी. लोणावळ्याच्या कैवल्यधामने १९७० साली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली. ती उघडली तर आसनं पहिल्याच उपदेशात संपतात. राजयोग आणि समाधी चौथ्या उपदेशात आहेत, तिथवर वाचणारे थोडे.

विसाव्या शतकात उत्तरं झपाट्याने बदलली. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन या नावाने १९१९ साली षट्चक्रनिरूपण इंग्रजीत आणलं आणि पूर्णानंदांचा एका पंथापुरता नकाशा जगभर ‘तो’ नकाशा होऊन बसला. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ साली कुंडलिनी म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू असं मांडलं. त्या पुस्तकाला प्रस्तावना वुड्रॉफ यांचीच, आणि तिच्यात त्यांनी हे समीकरण आपल्याला मान्य नसल्याचं सभ्यपणे नोंदवलं आहे. १९३२ साली झुरिकमध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी चक्रांना मनाच्या वाढीच्या पायऱ्या ठरवलं. प्रत्येकाने आपापल्या दुकानातला तराजू आणला.

काश्मीरचे गोपी कृष्ण यांची गोष्ट मात्र वेगळी, कारण ती सोसलेली आहे. साधा सरकारी कारकून. कॉलेजच्या परीक्षेत नापास झाल्यावर मन ताब्यात आणायला म्हणून पहाटे ध्यानाला बसू लागला. १९३७ च्या डिसेंबरात जम्मूत ध्यानात असताना कण्यातून प्रकाशाचा लोट डोक्यात शिरला. पुढची वर्षं आनंदाची नव्हती: अंगाची आग, झोप नाही, अन्न नको, वेड लागेल ही भीती. शक्ती सुषुम्नेऐवजी पिंगळेतून चढली असावी असा त्यांनी निष्कर्ष काढला. १९६७ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी कुंडलिनीला मानवी उत्क्रांतीची यंत्रणा म्हटलं, प्रतिभेचं मूळ म्हटलं. उत्क्रांतीचं मला पटत नाही, पण ते हाल वाचताना ज्ञानेश्वरीतली भुकेली नागीण आठवते, आणि ती नुसती कविकल्पना होती असं म्हणायला जीभ रेटत नाही.

महाराष्ट्रात ही विद्या परत चालती झाली ती शक्तिपाताच्या रूपाने. कुंडलिनी खालून चढते, शक्तिपात, म्हणजे गुरूकृपेने मिळणारी शक्ती, वरून उतरतो. काश्मीरच्या शैव आचार्य अभिनवगुप्ताने तंत्रालोकाच्या तेराव्या आह्निकात त्याचे तीव्र ते मंद असे नऊ प्रकार केले होते. पुण्यात गुळवणी महाराजांनी, टेंबे स्वामींच्या या शिष्याने, लोकनाथतीर्थांकडून आलेली ही दीक्षा गाजावाजा न करता अनेकांना दिली. गणेशपुरीच्या मुक्तानंदांनी ती अमेरिकेत नेली आणि शिबिरांमधून शेकडोंना एकदम दिली. छिंदवाड्यात मराठी घरात जन्मलेल्या निर्मलादेवींनी ५ मे १९७० रोजी गुजरातच्या नारगोळच्या किनाऱ्यावर सहजयोगाचा आरंभ झाल्याचं सांगितलं. त्यात ना बंध, ना मुद्रा, तळहातावर गार वाऱ्याची झुळूक लागली की जागृती झाली. ज्ञानदेवांनी जिथे मांस-मज्जा खायला लावली, तिथे आता झुळूक पुरते.

आणि आज ज्या नावाने वर्ग भरतात तो ‘कुंडलिनी योग’ बहुतेक ठिकाणी आणखी एका माणसाचा आहे. हरभजनसिंग पुरी, दिल्ली विमानतळावरचे कस्टम अधिकारी, १९६८ साली कॅनडाला आणि तिथून लॉस एंजेलिसला गेले, योगी भजन झाले. १९६९ साली त्यांनी ‘थ्री एचओ’ ही संस्था काढली. तीन एच म्हणजे हेल्दी, हॅपी, होली. समोर होती अमली पदार्थांच्या विळख्यातली हिप्पी पोरं. त्यांना पांढरे कपडे, पगडी, पहाटेचं स्नान, जलद श्वास आणि गुरुमुखी मंत्र यांची शिस्त लावली, आणि ही आजवर गुप्त राखलेली विद्या आपण प्रथमच उघड करतो आहोत असं सांगितलं. हेतू उघड होता: नशेशिवाय नशा, मज्जातंतूंना बळ, निरोगी आनंदी आयुष्य. अनेकांना त्याचा खरोखर फायदा झाला, हेही मान्य करायला हवं. पण २००४ साली त्यांच्या निधनानंतर लैंगिक शोषणाचे आरोप पुढे आले, आणि त्यांच्याच संस्थांनी नेमलेल्या बाहेरच्या चौकशीच्या ऑगस्ट २०२० च्या अहवालाने त्यांतले बरेचसे खरे असण्याची शक्यता अधिक असल्याचं म्हटलं. कित्येक शिक्षकांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, काहींनी नाव बदललं, काहींनी दोन्ही ठेवलं. क्रिया त्याच आहेत, अकरा मिनिटांच्या, एकतीस मिनिटांच्या, आणि फी भरून येणाऱ्यांना त्यातून काही ना काही घरी न्यायचं असतं.