जुन्या फाउंटन पेनांचा काळ आणि यवतमाळचे कागद

जुने फाउंटन पेन केव्हाचे आहे हे ठरवण्याच्या ज्या पद्धती संग्राहकांमध्ये रूढ आहेत, त्या मुख्यतः अमेरिकन आणि ब्रिटिश कारखान्यांच्या नोंदींवर उभ्या आहेत. यवतमाळसारख्या जिल्ह्यात वापरल्या गेलेल्या पेनांना त्या काही अंशीच लागू पडतात, आणि जेथे त्या अपुऱ्या पडतात तेथे पेनासोबत टिकून राहिलेला कागद हाच अधिक भरवशाचा पुरावा ठरतो.

वऱ्हाडात लिहिण्याची जुनी साधने बोरू आणि दौत ही होत. बोरू म्हणजे टोकाला तिरपा छाट दिलेली त्याच नावाच्या गवताची काडी. मोडी लिपीची वळणे तिच्यानेच साधत. शाई काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केली जाई. पुढे कचेऱ्यांतून आणि शाळांतून टाक, म्हणजे लाकडी दांडीत बसवलेले पोलादी निब, रूढ झाला. काजळाची शाई बोरूला मानवते, परंतु फाउंटन पेनाच्या जिभेत, म्हणजे निबाखालच्या ज्या भागातून शाई पुढे येते त्यातील अरुंद खाचांमध्ये, काजळाचे कण बसतात आणि पेन बंद पडते. त्यामुळे या पेनाबरोबर पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगाची निराळी शाईही आवश्यक झाली, आणि ती देशात तयार करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मराठी माणसांनी केला. १९३१ मध्ये मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी घोडा छाप शाईची पूड आणि वड्या विकण्यास आरंभ केला. त्यातूनच उंट छाप शाई आणि कॅम्लिनचा व्यवसाय उभा राहिला.

परदेशी पेनांचा काळ प्रथम त्यांच्या शाई भरण्याच्या रचनेवरून ओळखला जातो. वॉटरमनचे पेटंट १८८४ चे असून आरंभीच्या पेनांत ड्रॉपरने थेट नळीत शाई भरावी लागे. बाजूची तरफ उचलून आतील रबरी पिशवी दाबण्याची युक्ती शेफर यांनी १९०८ मध्ये पेटंट करून घेतली. पार्करच्या कारखान्याने तर एका काळात पेनावरच तारखेची खूण उमटवली. १९४० च्या दशकातील अमेरिकन बनावटीच्या ‘पार्कर ५१’ वर दिसणारा एकेरी अंक हा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि त्याच्या शेजारचे ठिपके तिमाही दाखवतात: तीन ठिपके पहिल्या तिमाहीचे, दोन दुसऱ्या, एक तिसऱ्या, आणि ठिपका नसल्यास चौथी तिमाही. मात्र ही तारीख निर्मितीची आहे. ते पेन यवतमाळात केव्हा पोहोचले, हे ती सांगत नाही.

देशी पेनांच्या बाबतीत एवढाही आधार नसतो. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एबोनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची, पेने लेथवर हाताने घडवण्यास सुरुवात केली. त्यांचे एक पेन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत यवतमाळच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात गांधीजींना मिळाले, आणि १६ जुलै १९३५ च्या पत्रात गांधीजींनी बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याचे रत्नम यांना कळवले. अशा लहान कारखान्यांतील कित्येक पेनांवर वर्षाची कोणतीही खूण नसते, आणि त्याच कारणाने त्यांची किंमत कमी आखली जाते. हा अन्याय आहे, कारण स्वदेशीचा इतिहास याच पेनांत अधिक स्पष्ट दिसतो.

येथे यवतमाळ जिल्ह्याचा प्रशासकीय इतिहास उपयोगी पडतो. पूर्वी वणीच्या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. १९५० पर्यंत तो मध्य प्रांत व वऱ्हाडात, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, १ मे १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि त्यानंतर महाराष्ट्रात राहिला. म्हणजे यवतमाळ, पुसद किंवा दारव्हा येथील एकाच दुकानाचा पत्ता दहा-अकरा वर्षांत चार राज्यनावांनी छापला गेला असू शकतो, आणि पेनाच्या पेटीत घडी करून ठेवलेल्या पावतीवर ‘सी. पी. अँड बेरार’ आहे की ‘मध्य प्रदेश’ यावरून खरेदीचा काळ बराच आवळता येतो. किंमत आण्यांत असेल तर पावती बहुधा १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे दशमान नाणी सुरू होण्याच्या, आधीची. ‘नये पैसे’ असतील तर बहुधा १९५७ ते १९६४ मधील. पत्त्यात ४४५००१ हा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. दुकानदार जुने छापील पावतीपुस्तक संपेपर्यंत वापरतात, म्हणून राज्याच्या नावापेक्षा हाताने लिहिलेल्या किमतीला अधिक वजन द्यावे.

इंटरनेटवरून पेन विकत घेताना नेमका हाच पुरावा सर्वप्रथम हरवतो. विक्रेता पेन स्वच्छ करतो, पेटी आणि पावती निरुपयोगी समजून टाकतो, आणि वर्णनात ‘साठ वर्षे जुने’ असे मोघम लिहितो. ग्राहकाने निबावरील अक्षरांचे, टोपणाच्या कड्याचे आणि नळीवरील ठशाचे जवळून घेतलेले छायाचित्र मागावे, कारण एका पेनाची नळी, दुसऱ्याचे टोपण आणि तिसऱ्याचे निब जोडून केलेली पेने सर्रास विकली जातात; त्याबरोबरच पेटीत काही कागद आहे का, हेही विचारावे. एबोनाइट उजेडाने तपकिरी पडते, म्हणून लख्ख काळी नळी बहुधा पॉलिश केलेली असते आणि त्या पॉलिशमध्ये ठसा झिजलेला असतो. नळीवर कोरलेल्या मालकाच्या नावाने पेनाची किंमत घटते, असे सामान्यतः मानले जाते. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने ते नाव, आणि त्यासोबत गावाचे किंवा शाळेचे नाव असल्यास तेही, निबावरील सोन्यापेक्षा मोलाचे आहे. असे पेन घासून ते नाव पुसू नये.