सासवण्याचा शिल्पकार



पनवेलपलीकडच्या करंजाडे गावातील एका शिक्षिकेने मला पत्र धाडले. इतिहासाच्या तासाला त्यांनी युरोपातल्या प्रबोधनकाळाचा धडा घेतला. लिओनार्दो दा विंची, मायकेलअँजेलो, त्यांची चित्रे, त्यांचे पुतळे, सारे सांगून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "बाई, असली माणसं आपल्याकडं का नाय झाली?" बाईंना उत्तर सुचेना. त्यांनी तो प्रश्न माझ्याकडे पाठविला.

बाई, मुलाचा प्रश्न चांगला आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की आपल्याकडे कोणी झालेच नाही. आज मी ज्या माणसाची हकीकत सांगणार आहे, तो त्या मुलाच्याच जिल्ह्यातला. करंजाड्याहून पेण, वडखळ करीत अलिबागच्या वाटेला लागावे आणि रेवसच्या बाजूला वळावे, म्हणजे समुद्राच्या काठी नारळी-पोफळीत दडलेले सासवणे लागते. या गावी २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना नानासाहेब म्हणू लागले. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली पडले.

आपल्या या पट्ट्यात गणपतीची मूर्ती कशी होते हे मी काय सांगावे! पेणचे गणपती तर देशोदेशी जातात. शाडूची माती भिजवायची, मळायची, पाटावर बैठक धरायची, मग पोट, मग सोंड, आणि डोळे सर्वांत शेवटी. करमरकरांच्या घरी गणपती करण्याची हौस होती. तेव्हा या मुलाची बोटे मातीत गेली ती शाळेत पाटी-पेन्सिल धरण्याच्या वयातच. जोडीला चित्रांचे वेड. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने शिवछत्रपतींचे चित्र काढले.

आता योग पाहा. त्या वेळी ऑटो रॉथफील्ड नावाचा इंग्रज अधिकारी या भागात कलेक्टर होता. दौऱ्यावर असता ते भिंतीवरचे चित्र त्याच्या दृष्टीस पडले. 'हे कोणी काढले?' अशी चौकशी झाली आणि मुलाला बोलावणे गेले. साहेबाचे बोलावणे म्हणजे त्या काळी घरच्यांच्या पोटात गोळाच यायचा. पण साहेबाने मुलाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठविण्याची व्यवस्था केली. हा रॉथफील्ड नुसता महसूल गोळा करणारा अंमलदार नव्हता. पुढे १९२० साली भारतातील स्त्रियांवर त्याचे एक पुस्तक निघाले आणि त्यातली चित्रे आपल्या धुरंधरांनी काढली होती. म्हणजे चित्र पाहण्याची नजर त्याला होती.

ही गोष्ट ऐकली की मला इटलीतली एक जुनी कथा आठवते. जोत्तो नावाचा धनगराचा पोर मेंढ्या राखताना सपाट दगडावर मेंढीचे चित्र काढीत बसला होता. वाटेने चिमाबूए नावाचा नामांकित चित्रकार चालला होता. त्याने ते पाहिले, बापाची परवानगी घेतली आणि पोराला आपल्या हाताखाली नेले. व्हासारी नावाच्या चरित्रकाराने ती लिहून ठेवली. आजचे विद्वान तिला दंतकथा मानतात. थोर माणसाच्या बालपणी असे काही घडलेच पाहिजे अशी लोकांची समजूत असते. सासवण्याच्या गोष्टीतला साहेब मात्र सरकारी दप्तरातला खराखुरा माणूस आहे.

जे. जे. मध्ये करमरकरांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि मेयो पदक मिळविले. तिथे त्यांच्याआधी गणपतराव म्हात्रे शिकून गेले होते. नऊवारी नेसून देवळाला निघालेली त्यांची 'मंदिरपथगामिनी' १८९६च्या सुमाराची. मराठी बाई मूर्तीत इतकी खरी उतरू शकते, हे त्या मूर्तीने दाखवून दिले होते. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले. तिथे टागोर घराण्यातील सुरेंद्रनाथांचा त्यांना आधार मिळाला. १९२० साली ते लंडनला रॉयल अकॅडमीत शिकावयास गेले. कोकणातला मुलगा मुंबईला जातो ते गिरणीत नाही तर कचेरीत चिकटायला. हा गेला तो माती हाताळायला, आणि ती हाताळीत विलायतेपर्यंत पोहोचला.

शिक्षकमित्रहो, इथे थोडे थांबून मायकेलअँजेलोचा एक विचार सांगतो. तो म्हणे, खरे शिल्प ते, जे दगडातून काढून टाकीत गेल्याने प्रकट होते. मूर्ती दगडात असतेच, शिल्पकाराने नको तो भाग उडवायचा. माती चढवीत चढवीत जे होते ते त्याच्या मते चित्रकलेच्या जातीचे. लिओनार्दोचे मत आणखी निराळे. तो चित्रकलेला वरचढ मानी आणि शिल्पकाराची थट्टा करी, की संगमरवराच्या भुकटीने माखलेला हा माणूस पीठ उडालेल्या भटारखान्यातल्या माणसासारखा दिसतो. आता मायकेलअँजेलोचे खरे धरले तर आपला पेणचा मूर्तिकार शिल्पकारच ठरत नाही! मला काही हे पटत नाही. मातीला अंगठ्याने दाब देऊन गाल उठविणारा माणूसही आत कुठेतरी मूर्ती पाहतच असतो. करमरकर या मातीवाल्यांपैकी होते. त्यांच्या कामावरून त्यांची श्रद्धा मला दिसते ती अशी, की समोरचा माणूस जसा आहे तसा पुरता पाहावा. त्याची हाडे, सुरकुत्या, बसण्याची ढब, काही चुकवू नये. त्या काळी बंगालमध्ये पुष्कळ कलावंत हुबेहूब चित्रणाला परकी रीत समजत आणि अजिंठ्याकडे व जुन्या लघुचित्रांकडे वळले होते. करमरकर त्याच कलकत्त्यात राहिले, पण त्यांनी आपली वाट सोडली नाही. त्यांना यासाठी जुनाट म्हणणारेही आहेत. म्हणोत.

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाकडे येतो. ते म्हणजे पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा.

मुंबईत काळा घोडा नावाचा भाग आहे, तो आपण जाणता. तिथे १८७९ साली इंग्लंडच्या युवराजाचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला. तो घडविणारा बोम नावाचा शिल्पकार लंडनचा. १९६५ साली तो पुतळा राणीच्या बागेत हलविला गेला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. सांगायचे ते असे, की घोड्यावर बसलेला पुरुष पंचधातूसारख्या जड धातूत ओतायचा तर काम विलायतेला जायचे, असाच तेव्हाचा समज. आणि बसलेला पुरुषही तिकडचाच असायचा. आपल्या छत्रपतींचे असे भव्य स्मारक पुण्यास व्हावे म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेतला. १९२१च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते कोनशिला बसली. पुढच्याच मे महिन्यात शाहू महाराज निवर्तले. पण काम थांबले नाही, आणि पुतळा आला तो सासवण्याच्या या मातीवाल्याच्या वाट्याला.

घोडा ओतणे हे किती कठीण, हे आपल्यातल्या ओतारी आणि तांबट मंडळींना सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगतो. आधी पुऱ्या आकाराचा घोडा मातीत घडवायचा. त्यावरून साचा काढायचा. एका जुन्या रीतीत साच्याच्या आत मेणाचा पातळ थर देतात आणि मधली पोकळी गाभ्याने भरतात. मग भट्टी लावून मेण वितळवून काढायचे, आणि मेणाच्या जागी तांबे व कथील यांचा रस ओतायचा. हा रस हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो. कुठे हवा कोंडली, कुठे ओल राहिली, तर साचा फुटतो; रस मध्येच थिजला तर महिन्यांची मेहनत वाया. त्यातून घोड्याचे पोट केवढे आणि पाय कसले काडीसारखे! साऱ्या वजनाचा भार त्या पायांवर. इटलीत दोनातेल्लोने पादुआ शहरी घोडेस्वार ओतला, तेव्हा घोड्याच्या उचललेल्या पायाखाली चक्क एक गोळा ठेवून दिला. उगाच नव्हे ते!

आणि लिओनार्दो? त्याने मिलानच्या सरदारासाठी चोवीस फुटांचा घोडा घ्यायचे ठरविले. १४९३ साली मातीचा घोडा तयार झाला, लोक पाहून थक्क झाले. एवढा घोडा एकसंध कसा ओतावा याचे त्याने वह्या भरून विचार केले. उलटा पुरून ओतावा, तर खड्ड्याला पाणी लागेल. मग आडवा ओतावा काय? इतके सारे योजले, पण लढाई आली आणि घोड्यासाठी जमविलेला धातू तोफांना गेला. १४९९ साली फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरले, तेव्हा त्यांच्या तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली. जगातल्या थोर कलावंताचा घोडा असा मातीतच राहिला.

करमरकरांचा घोडा धातूत उतरला. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा मुंबईत ओतला गेला आणि एकसंध ओतीव काम म्हणून तो नावाजला गेला. १९२८च्या जूनमध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुण्यात त्याचे अनावरण झाले. कोनशिला इंग्रज युवराजाची, अनावरण इंग्रज गव्हर्नराचे, आणि मध्ये घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज. काळ कसा होता हे यावरून ध्यानी घ्यावे. देवळाच्या भिंतीवर ज्याने महाराज रेखाटले, त्याच हाताने ते धातूत उभे केले. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात हा पुतळा आहे. पाहाल तेव्हा नुसते तोंड पाहून परतू नका; बाजूला सरकून घोड्याची मान आणि खांद्याचे स्नायू पाहा.

एवढे नाव झाल्यावर मोठमोठ्या लोकांचे पुतळे त्यांच्याकडे आले, ते त्यांनी केले. सरकारने पद्मश्री दिली. त्याविषयी मी फार सांगत नाही, कारण मला त्यांचे दुसरेच काम अधिक प्रिय आहे. शंख फुंकणाऱ्या आकृतीचे 'शंखध्वनी' घ्या. फुंकर घालताना छातीपासून गळ्यापर्यंत शरीर कसे ताणले जाते ते त्यात आहे. शिवाय कोळ्यांच्या मुली, कष्टकरी बायाबापडे, घरची माणसे, गुरेढोरे. शिल्पाला त्यांनी साधे सिमेंटसुद्धा वापरले. ब्राँझ परवडत नाही म्हणून मूर्ती अडून राहिली, असे त्यांनी होऊ दिले नाही.

करमरकर १३ जून १९६७ रोजी वारले. सासवण्याला त्यांच्या घरीच त्यांचे शिल्पालय आहे. तिथे बसलेली एक म्हैस आहे, ती सिमेंटची असूनही पाहणारा क्षणभर फसतो.

तर बाई, तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाला घेऊन एकदा तिथे जा. मुंबईकर मांडव्याच्या लाँचने येतात; तुम्हाला वडखळवरून एस.टी. सोयीची. मुलांना आधी ती म्हैस दाखवा आणि मग पाटावरचा शाडूचा गोळा हाती द्या. तुमच्या भागात विमानतळासाठी उठलेल्या गावांची घरे येऊन वसली आहेत, जुनी देवळे आणि त्यांच्या भिंती बदलल्या आहेत. त्या मुलांपैकी कोणी नव्या इमारतीच्या जिन्यात कोळशाने काही काढले असेल, तर चुना फिरविण्याआधी ते कोणाचे आहे, तेवढे विचारून ठेवा आणि मला कळवा.