तीन गुणांचे गाणे

दिवाळी अंक हाती पडला की घरातले एखादे तरी माणूस आधी राशिभविष्याचे पान उघडते. ते भविष्य खरे ठरले की नाही, याचा हिशेब पुढच्या दिवाळीत कोणी मांडीत नाही. युरोपातील संगीतवेड्यांचे मात्र तसे नाही. दर वर्षी तेथे ‘युरोव्हिजन’ नावाची देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा होते. पहिले कोण येणार, तळाशी कोण राहणार, याच्या याद्या हे रसिक कितीतरी आधी तयार करतात, पैजा मारतात. आणि त्यांच्या भाकितांचा निकाल एका रात्रीत लागतो.

पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. प्रत्येक देशाचे दोन परीक्षक. मतदान गुप्त आणि स्वदेशाला मत देण्याचीही मुभा! लक्झेंबर्गचे परीक्षक आले नाहीत, तेव्हा त्यांची मतेसुद्धा यजमानांनीच दिली. यजमानांच्याच लीस आसिया विजयी झाल्या. कोणाला किती गुण पडले, हे तेव्हा जाहीर झालेच नाही. पुढच्या वर्षी फ्रँकफुर्टला गुणफलक आला आणि अटकळी बांधणाऱ्यांना हिशेबाचा आधार मिळाला.

पण हिशेबाने गाणे कळते थोडेच? १९५८ साली हॉलंडमधील हिल्व्हर्सम येथे इटलीच्या दोमेनिको मोदुन्यो यांनी निळ्या आकाशात उडण्याचे एक गाणे गाइले. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला. तेच गाणे ‘वोलारे’ या नावाने जगभर गाजले आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतील पहिल्यावहिल्या ग्रॅमी पुरस्कारांत दोन मोठे मान मिळवून बसले. १९६८ साली लंडनमध्ये घरचेच क्लिफ रिचर्ड जिंकणार, असे जो तो धरून चालला होता. स्पेनच्या मासिएल यांना २९ गुण पडले, रिचर्ड यांना २८. १९६९ साली तर माद्रिदला चार देशांचे गुण सारखे झाले आणि चौघांनाही विजयी ठरवावे लागले. असे भाकीत कोणता ज्योतिषी करील?

तथापि सर्वांत विलक्षण कथा ६ एप्रिल १९७४ ची. इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्वीडनच्या ‘आबा’ या चमूने बाजी मारली. ब्रिटिश परीक्षकांनी त्यांना एकही गुण दिला नव्हता. पण थोड्याच दिवसांत ते गाणे ब्रिटनमध्येच खपात पहिले आले. त्या रात्री पोर्तुगालचे पावलु द कार्व्हालु निरोपाचे एक प्रेमगीत गाऊन गेले. त्यांना मिळाले अवघे तीन गुण, आणि तळाच्या चार देशांत त्यांची गणना झाली.

पुढे काय झाले पाहा. पोर्तुगालमध्ये तेव्हा हुकूमशाही होती. सालाझार यांची आणि त्यांच्यामागून कायतानु यांची. गोवा सोडण्यास अखेरपर्यंत नकार देणारी राजवट ती हीच. तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ती उलथण्याचा बेत रचला होता. सैन्याला ‘तयार राहा’ हे कळवायचे कसे? त्यासाठी आकाशवाणीवरून असे गाणे हवे होते, की जे लागल्याने कोणाच्याही मनात संशय येणार नाही. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका केंद्रावर तेच तीन गुणांचे गाणे लागले. मध्यरात्रीनंतर जुझे आफोन्सु यांचे दुसरे गाणे वाजले, आणि सैन्य बाहेर पडले. २५ एप्रिलला राजवट कोसळली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुले खोवली. गोवा १९६१ सालीच मुक्त झाला होता. परंतु त्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते नव्या सरकारने, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये.

ब्रायटनमध्ये एखाद्या रसिकाने आपल्या यादीत पोर्तुगालला तळाशी घातले असेल, तर त्याचे भाकीत अगदी खरे ठरले. पैज तो जिंकला असेल. मात्र अठरा दिवसांनी तेच गाणे कोणत्या कामी येणार आहे, हे त्याला कोठून कळावे? ते तर गाणाऱ्यालाही गाताना ठाऊक नव्हते.